ट्रंक बोर्डावरची सिंधू

नागपुरात थंडी आली हे मला शालीवरून नाही, रस्त्यावरच्या चुन्यावरून कळतं. अधिवेशनासाठी सरकार इकडे यायचं झालं, की सिव्हिल लाइन्समधल्या रस्त्यांच्या कडा पांढऱ्या होतात, झाडांच्या बुंध्यांना गेरू लागतो आणि वर्षभर बंद असलेल्या बंगल्यांच्या खिडक्या उघडतात. त्याच आठवड्यात संत्र्यांच्या हातगाड्या चौकाचौकांत येऊन उभ्या राहतात. परवा अशाच एका चौकात पोलिसानं आमचा ऑटो अडवला. मंत्र्यांच्या गाड्या जायच्या होत्या. ऑटोवाला म्हणाला, "आता बसा अर्धा घंटा, बाई." मी बसले. पाठीवर ऊन होतं, संत्र्यांचा वास येत होता, आणि माझे कान आपोआप दुखायला लागले. तरुणपणी अधिवेशनाच्या दिवसांत ते असेच दुखायचे, हेडफोनच्या दाबानं.

साठचं दशक सरत आलं होतं. मी ट्रंक एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. तेव्हा मुंबईला बोलायचं तर आधी आमच्याकडे कॉल नोंदवायचा आणि मग फोनजवळ बसून राहायचं. एक तास, दोन तास, कधी सबंध दुपार. आम्ही पंधरा-सोळा मुली लांबलचक बोर्डासमोर उंच खुर्च्यांवर ओळीनं बसायचो. समोर भोकांच्या रांगा, हातात दोऱ्या. एका भोकात नागपूर, दुसऱ्यात मुंबई. दोरी खोचली की इकडचा माणूस तिकडच्या माणसाशी बोलायचा आणि आमचा संबंध संपायचा. हिवाळ्यात सरकार आलं की हा बोर्ड कॉलच्या दिव्यांनी पेटल्यासारखा दिसायचा. प्रत्येक आमदाराला घरी बोलायचं असायचं आणि प्रत्येकाचा कॉल अर्जंट असायचा.

माझ्या डाव्या हाताच्या खुर्चीवर सिंधू मेश्राम बसायची.

पुढे जिला अख्ख्या महाराष्ट्रानं रंगमंचावर आणि पडद्यावर पाहिलं ती हीच सिंधू. तेव्हा ती नागपुरातल्याच इंदोरा वस्तीतून सायकलनं यायची, सुती साडीवर वडिलांचं मिलमधलं खाकी स्वेटर घालून. वडील कापडगिरणीत कामाला होते. छप्पन साली घरच्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा ती दहा-अकरा वर्षांची होती. वडिलांचं बोट धरून ती त्या मैदानावर गेली होती. "एवढी माणसं एका आवाजात बोलली नं नलू, तर मले वाटलं जमीनच बोलून राहिली," असं तिनं मला एकदा डबा खाताना सांगितलं होतं. पुढे वस्तीतल्या जयंतीच्या कार्यक्रमांत ती नाटकांत कामं करायला लागली. आई, सासू, म्हातारी, जे कुणी करायला तयार नसेल ते ती करायची.

बोर्डावर मात्र ती वेगळीच असायची. हेडफोन चढवला की तिच्या तोंडून असं स्वच्छ, गुळगुळीत मराठी निघायचं की मुंबईचे ऑपरेटरसुद्धा तिला कुठल्या मोठ्या घरची समजायचे. "आपला कॉल लागला आहे, कृपया बोला." आणि हेडफोन काढला, की त्याच श्वासात, "अवं नलू, भूक लागली वं मले." मी एकदा विचारलं, इतकं छान बोलतेस तर नेहमी का नाही तशी बोलत. ती म्हणाली, "थो आवाज सरकारचा आहे. ड्यूटी संपली का इथंच ठेवून जातो मी."

त्या हिवाळ्यात आमच्या कर्मचाऱ्यांच्या नाट्यमंडळानं एका नाट्यस्पर्धेत भाग घ्यायचं ठरवलं. नाटक लिहिलं होतं दाणी सरांनी. ते शाळेत मराठी शिकवायचे आणि मंडळाची नाटकं बसवायचे. ऐन तारुण्यात पुण्याला दोन वर्षं राहून आले होते आणि त्या दोन वर्षांवर त्यांनी पुढची वीस काढली होती. मनानं अगदी निर्मळ माणूस, पण कुणी "करून राहिलो" म्हटलं की त्यांच्या कपाळाला आठी पडायची. नाटकातली नायिका होती नागपूरजवळच्या खाप्याची एक विधवा विणकर. मुलगा शहरात नोकरीला लागतो, आईला न्यायला येतो, आणि ती माग सोडून जायला तयार होत नाही, अशी गोष्ट. त्या बाईचं काम माझ्याकडे आलं. "नलिनीचे उच्चार निर्दोष आहेत," सर म्हणाले. सिंधूला शेजारणीचं काम मिळालं. चार वाक्यं.

मला किती आनंद झाला हे लपवण्यात अर्थ नाही. महाल भागातल्या आमच्या घरी मी लहानपणापासून नाटकवाली म्हणून ओळखली जायचे. आईनं सगळ्या नातेवाइकांना कळवून टाकलं. मी अंगणात उभी राहून संवाद म्हणायचे आणि समोरच्या माडीवरच्या काकू गॅलरीतून ऐकायच्या.

तालमी सकाळी व्हायच्या, कारण आमच्या बहुतेकींच्या ड्यूट्या दुपारच्या होत्या. शाळेचा हॉल, खिडकीतून येणारं कोवळं ऊन, सगळ्यांच्या तोंडातून निघणारी वाफ. मधल्या सुट्टीत तर्रीपोहे यायचे आणि सरसुद्धा मराठीची काळजी सोडून नाक पुसत खायचे. फार सुखाचे दिवस होते ते. फक्त एक गोष्ट मला टोचायला लागली. मी म्हणायचे, "मला ठाऊक आहे, बाळ, तुझं मन." सगळे ऐकायचे. मग शेजारीण झालेली सिंधू यायची, दारात टेकायची आणि म्हणायची, "माय वं, पोरगा आला म्हणे तुवा." सरांनी तिला चार वेळा सांगूनही तिच्या तोंडी ते तसंच यायचं. आणि ती बोलली की हॉलमधले सगळे मान वर करायचे. चहावालासुद्धा. मला कळत होतं काय होतंय ते. मी आठ दिवस गप्प बसले.

मग सिंधूनंच एक दिवस सरांना विचारलं, "सर, खाप्याले माझी मावशी मागावर बसते. पाहाले येता काय?" सरांनी माग कधी पाहिला नव्हता, हे त्यांनी लगेच कबूल केलं. रविवारी आम्ही तिघं एस.टी.नं निघालो. कडाक्याची थंडी होती. खिडकीची काच बंद होत नव्हती आणि सर मफलरमधून नुसते डोळे बाहेर काढून बसले होते. सावनेरच्या रस्त्यावर दोन्हीकडे संत्र्याच्या बागा. झाडांखाली गवत पसरून त्यावर फळांचे ढीग केले होते. सिंधूनं कंडक्टरला असं काही बोलण्यात गुंतवलं की त्यानं आम्हाला थांबा नसताना वस्तीच्या तोंडाशी उतरवलं.

कन्हान नदीच्या बाजूला मावशीचं घर होतं. घर म्हणजे मागच. माणसं त्याच्या आजूबाजूला राहत होती. मावशी खड्ड्यात पाय सोडून बसली होती. हातानं धोटा इकडून तिकडे, पायानं पावडी खालीवर, आणि तोंडानं आमची विचारपूस, सगळं एकाच वेळी. सर भारावून गेले. मला म्हणाले, "नलिनी, दुसऱ्या अंकातलं ते स्वगत म्हणून दाखव ना." मी पदर खोचला आणि म्हटलं. मनापासून म्हटलं. मावशीनं धोटा थांबवून सगळं ऐकून घेतलं.

"चांगली बोलते पोरगी," ती म्हणाली. "कोण आहे थे नाटकात?"

"तुमच्यासारखीच," सर म्हणाले. "इथलीच, विणकर बाई."

मावशीनं माझ्याकडे पाहिलं. तिला माझं मन मोडायचं नव्हतं. मग सरांकडे वळून तिनं हळूच विचारलं, "मास्तर, मंग थे अशी काहून बोलते गा? थे तर तहसीलदाराची बायको वाटून राहिली."

सिंधूनं तोंडात पदर कोंबला. मी आधी लाल झाले आणि मग मलाही हसू आवरेना. सर मात्र हसले नाहीत. येताना सबंध रस्ता ते काचेबाहेर पाहत होते. त्यांनी काही बोलू नये असं मी मनात म्हणत होते. खरं सांगायचं तर मला ती भूमिका सोडायची नव्हती. माझ्या आयुष्यात तेवढी मोठी गोष्ट तोवर दुसरी आलेली नव्हती.

पुढचे तीन दिवस मी नीट जेवले नाही. चौथ्या दिवशी सकाळी तालमीला गेले आणि सरांना म्हटलं, "सर, माझा घसा बसलाय. आज माझं काम सिंधूला वाचू द्या." थंडीचे दिवस, कुणाला खोटं वाटायचं कारण नव्हतं.

सिंधूनं वही हातात घेतली. तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं. माझ्या घशाला काही झालेलं नाही हे दिवसभर माझ्या शेजारी बसणाऱ्या बाईला कळायला वेळ लागत नाही. मग तिनं वाचायला सुरुवात केली. दोन ओळी सरांच्या वाचल्या आणि तिसरीपासून वहीकडे पाहणंच सोडलं. "मले मालूम आहे बाप्पा तुवं मन. तू म्हणतं, माय एकटी आहे. मी कुठं एकटी आहो? हा माग आहे नं. तुवा बाप गेला तवा रातभर मी याच्यावर हात ठेवून बसली होती. लाकूड आहे, पण गरम होते रे." शेवटची वाक्यं सरांच्या नाटकात नव्हतीच. ती कुठून आली कुणास ठाऊक. वाचून झाल्यावर सरांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "मी हे सगळं पुन्हा लिहून काढतो. सिंधू, तू बोल, मी लिहितो."

माझा घसा दुसऱ्या दिवशी बरा झाला असता, पण मी आठवडाभर तो बरा होऊच दिला नाही. मी शेजारीण झाले. चार वाक्यं सिंधूनंच मला शिकवली. आईला काय सांगायचं हा प्रश्न होता. तिला सांगितलं की शेजारणीचं काम जास्त अवघड आहे. तिनं ते सगळ्यांना तसंच सांगितलं.

खरी अडचण पुढेच होती. आमच्या नाटकाचा दिवस लागला तो नेमका अधिवेशनाच्या मध्यावर, आणि सिंधूची त्या दिवशी दुपारी दोन ते नऊ ड्यूटी. आमच्या सुपरवायझर मिसेस फर्नांडिस. उंच, सडपातळ, फ्रॉकवर करडा कोट. त्या आमच्या पाठीमागून चालायला लागल्या की दोऱ्यासुद्धा सरळ व्हायच्या. त्यांनी सिंधूचा अर्ज वाचला आणि परत दिला. "सेशन के टाइम छुट्टी किसी को नहीं. मेरी माँ बीमार होती तो मैं भी इधर ही होती." मग थोडं थांबून म्हणाल्या, "खुर्ची रिकामी नको. खुर्चीवर कोण बसतं, ते मी बघणार नाही."

मिसेस फर्नांडिस नियमात राहून माणुसकी कशी करायच्या ते मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. पण खुर्चीवर बसणार कोण? नाटकात काम नसलेल्या सगळ्यांची ड्यूटी तीच होती. त्या दिवशी मोकळी होते फक्त मी, कारण तेवढ्या दिवसापुरती माझी पाळी सकाळी सातची लागली होती.

"नाही," सिंधू म्हणाली. "तुवं कामही गेलं, आता नाटकही जाईन. मी नाई ऐकत." आम्ही सायकली हातात धरून सीताबर्डीपर्यंत भांडत गेलो. शेवटी मी म्हटलं, "तू नाही गेलीस तर नाटकच होणार नाही. मी नाही गेले तर सरांच्या बायकोला चार वाक्यं पाठ करावी लागतील, एवढंच." त्यावर तिनं सायकल थांबवली. मग म्हणाली, "वहिनीले पाठ होतीन काय पण?" दाणी वहिनींना विसराळूपणाबद्दल सगळी शाळा ओळखत होती. आम्ही दोघीही हसायला लागलो आणि भांडण तिथेच संपलं.

सकाळी सातपासून मी बोर्डावर होते. दुपारी दोनला माझी खुर्ची सोडून डावीकडच्या, सिंधूच्या खुर्चीवर बसले. सहाला तिकडे पडदा वर गेला असेल तेव्हा माझ्यासमोर एकाच वेळी नऊ दिवे लुकलुकत होते. एका आमदाराला अकोल्याला बायकोशी बोलायचं होतं आणि बायको घरी नव्हती, म्हणून तो माझ्यावर रागावला होता.

साडेसातच्या सुमाराला स्थानिक लाइनवर एक कॉल आला. "अगं नलू, मी वहिनी. माझं झालं बाई, चारही वाक्यं झाली, फक्त दुसरं आणि तिसरं उलटं झालं. आता मी मॅनेजरच्या खोलीत आहे, ती विंगेला लागूनच आहे. रिसीव्हर दारात ठेवते हं. तिचा शेवटचा प्रवेश आहे. ऐक." ही कल्पना वहिनींची स्वतःची होती. विसराळू बाईला हे कसं सुचलं आणि लक्षात कसं राहिलं, याचं मला आजही नवल वाटतं.

आधी नुसती खरखर होती. मग लाकडी फळ्यांवरची पावलं. मग सिंधू. तिचा आवाज मी रोज सात तास शेजारून ऐकायचे, पण तो असा तारेतून माझ्याकडे पहिल्यांदाच आला. "लाकूड आहे, पण गरम होते रे." मी बाकीच्या दिव्यांकडे पाहिलंच नाही. ती बोलत गेली, आणि बोलता बोलता थांबली. मग काहीच ऐकू येईना. खोकला नाही, खुर्चीचा आवाज नाही. मला वाटलं लाइन कटली. मी दोरी हलवली, हळूच "हॅलो, वहिनी" म्हटलं.

"ये कौन-सा सबस्क्राइबर है?" मागून प्रश्न आला. मिसेस फर्नांडिस.

मी खरं ते सांगितलं. त्यांनी हात पुढे केला. मी हेडफोन काढून दिला. त्यांनी तो एका कानाला लावला, आणि त्याच क्षणी टाळ्या सुरू झाल्या असाव्यात, कारण त्यांचे डोळे मोठे झाले. हेडफोन त्यांच्या कानाला असूनही मला त्या ऐकू येत होत्या. तव्यावर पाणी पडल्यासारखा आवाज. त्यांनी हेडफोन माझ्या डोक्यावर परत बसवला, बाजूची खुर्ची ओढली आणि माझ्या बोर्डावरचे दिवे एकेक करून स्वतः घ्यायला सुरुवात केली. "नंबर प्लीज. येस सर. ट्राइंग, सर." वीस वर्षांत त्या बोर्डावर बसल्या नव्हत्या असं सगळ्या म्हणायच्या. हात मात्र सराईत चालत होता.

लाइन कटलेली नव्हती. अख्खं थिएटर गप्प बसलं होतं, एवढंच.

अभिनयाचं पहिलं बक्षीस तिला मिळालं. परीक्षकांपैकी एकजण मुंबईच्या व्यावसायिक रंगभूमीवरचे होते. महिन्याभरात त्यांचं पत्र आलं: नवं नाटक आहे, याल का. पक्की सरकारी नोकरी, घरात धाकटी भावंडं. तिच्या घरी कुणी एका शब्दानं नाही म्हटलं नाही आणि कुणी होही म्हटलं नाही. तिचे वडील दोन दिवस विचार करत होते. तिसऱ्या दिवशी कामावर जाताना पायांत चपला घालता घालता म्हणाले, "जाय. नाई जमलं तर वापस ये. दार तर आपलंच आहे." ती हे सांगताना दरवेळी वडिलांसारखं वाकून, चप्पल शोधत सांगायची, आणि दरवेळी शेवटच्या शब्दाशी तिचा आवाज बदलायचा.

मुंबईत गेल्यावर निर्मात्यांनी तिला नाव बदलायला सांगितलं. मेश्राम जाहिरातीत शोभत नाही म्हणे. तिनं पत्रात लिहिलं होतं, "मी त्याईले म्हटलं, नाव बदललं तर माझा बाप पेपरात कोणाले शोधीन?" नाव राहिलं. भाषाही राहिली. लागेल तेव्हा ती पुण्याची व्हायची, कोकणची व्हायची, एका सिनेमात तर तिनं दिल्लीच्या बेगमेचं काम केलं. पण दौऱ्याची बस नागपुरात शिरली की पहिलं वाक्य ठरलेलं असायचं: "काहून गा, पोहेवाला उठला काय?"

सत्तरच्या दशकात तिची नाटकं गाजली. मग सिनेमे आले. आधी आया, मग सासवा, आणि मग तिच्यासाठी लिहिलेल्या भूमिका. तिचं पहिलं मोठं पोस्टर सीताबर्डीवर लागलं तेव्हा आम्ही एक्स्चेंजमधल्या सगळ्या जणी जेवणाच्या सुट्टीत ते पाहायला गेलो. मिसेस फर्नांडिसही आल्या. निवृत्त झाल्या होत्या, तरी करडा कोट घालून आल्या. चेहरा हिरवट छापला होता आणि एक डोळा दुसऱ्यापेक्षा मोठा झाला होता. आम्ही खूप वेळ तिथे उभ्या होतो.

मला लोक विचारतात, त्या वेळी काम सोडलं नसतं तर? मी प्रामाणिकपणे विचार करून पाहिला आहे. मी पाठ केलेलं नीट म्हटलं असतं, आईला अभिमान वाटला असता, आणि पुढच्या हिवाळ्यापर्यंत सगळे ते विसरले असते. हळहळ वाटली नाही असं नाही. दोन-तीन वर्षं वाटली. तिच्या नाटकाला टाळ्या पडायच्या तेव्हा माझ्या हातातून आधी आनंदाच्या निघायच्या आणि मग एखादी वेगळी निघायची. पुढे कधीतरी तीही बंद झाली. नेमकी केव्हा, ते माझ्या लक्षात आलं नाही.

ऐंशीच्या दशकात, अशाच एका थंडीत, नागपूरकरांनी तिचा जाहीर सत्कार केला. मी तिसऱ्या रांगेत होते. ती उत्तराला उभी राहिली. वडिलांबद्दल बोलली, दाणी सरांबद्दल बोलली, मावशीबद्दल बोलताना सबंध सभागृह हसवलं. मी वाट पाहत होते. तिनं माझं नाव घेतलं नाही.

कार्यक्रमानंतर ती आमच्याच घरी आली, हार-तुरे सोफ्यावर टाकले आणि पाय वर घेऊन बसली. मी न विचारायचं ठरवलं होतं. पण तिला कळलंच.

"रागावली काय वं?"

"नाही. पण सगळ्यांची नावं घेतलीस."

ती हातातल्या बांगड्या फिरवत राहिली. मग म्हणाली, "घेणार होती. ओठावर आलं होतं. पण घेतलं असतं नं नलू, तर मले रडू आलं असतं, अन् पुढचं काहीच बोलता आलं नसतं. बाकीच्यांची नावं घेता येतात वं. जाय, चहा टाक."

मी आत गेले. गॅस पेटवला, पाणी ठेवलं, आणि तिथेच ओट्याला टेकून थोडं रडून घेतलं. बाहेरच्या खोलीत ती माझ्या नवऱ्याला सत्काराच्या अध्यक्षांची नक्कल करून दाखवत होती, आणि तो इतका हसत होता की मी दोनदा विचारूनही, चहात साखर किती घालू, हे कुणी सांगायला तयार नव्हतं.